धोतरा ‘घरगुती उपायां’त कशाला?

प्रति,
मा. संपादक,

स. न. वि. वि.

महाशिवरात्र आली की आपल्या पुरवणीत ‘बहुगुणी धोतरा’ छापाचा मजकूर येतो, तसा यंदाही आला. दम्यावर रामबाण, सांधे धरले तर पान शेकून बांधा, केस गळत असतील तर बियांचे तेल लावा, आणि शेवटच्या ओळीत ‘अतिसेवन टाळावे’. अतिसेवन म्हणजे किती, हे मात्र कोणी सांगत नाही. सांगणार तरी कसे? धोतऱ्यातले विषारी द्रव्य झाडागणिक, ऋतूगणिक, इतकेच काय एकाच झाडाच्या पानात आणि बियांत कमीजास्त असते. उकिरड्यावरच्या धोतऱ्याचे एक बोंड आणि शेताच्या बांधावरचे एक बोंड यांचा डोस एक नव्हे.

मी ग्रामीण रुग्णालयात औषधनिर्माता म्हणून नोकरी केली, आता निवृत्त आहे. परंपरेची टिंगल करायला हे पत्र लिहीत नाही, उलट परंपरेच्या बाजूनेच लिहितो आहे. आयुर्वेदाने धोतऱ्याला कधीच निरुपद्रवी म्हटलेले नाही. रुई, कण्हेर, गुंज, कळलावी यांच्या पंक्तीत त्याला उपविष म्हणजे दुय्यम विष म्हणून बसवले आणि शोधन (विषारीपणा कमी करण्याची प्रक्रिया) केल्याशिवाय पोटात द्यायचा नाही असे बजावले. बी गोमूत्रात भिजवायचे किंवा दोलायंत्राने, म्हणजे पुरचुंडी करून दुधात लोंबकळती ठेवून, शिजवायचे, टरफले काढायची, मग कुठे ते औषधाला घ्यायचे. दम्यावरच्या कनकासव या आयुर्वेदिक औषधात धोतरा असतो, पण त्याला पाककृती आहे, मात्रा आहे आणि देणारा वैद्य आहे. पुरवणीतल्या चौकटीत यातले काय उरते?

आपल्याच भागातला जुना दाखला देतो. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली गोव्यात औषधी वनस्पतींवर ग्रंथ छापला. त्यात धोतऱ्यावर एक संवाद आहे. एका घरातल्या दासीने मालकिणीला धोतरा चारला, किल्ल्या काढून घेतल्या आणि दागिने लांबवले. काहीही विचारले तरी मालकीण नुसती हसत होती! वाटसरूंना, पुढे रेल्वेतल्या प्रवाशांना पेढ्यातून, चहातून धोतरा देऊन लुबाडण्याचे प्रकार इतके चालत, की न्यायवैद्यकाच्या पुस्तकांत धोतऱ्याचे बी आणि तसेच दिसणारे मिरचीचे बी यांतला फरक आजही शिकवतात. धोतऱ्याचे बी तपकिरी, मूत्रपिंडाच्या आकाराचे, चवीला कडवट. मिरचीचे पिवळसर आणि तिखट. एका बोंडात अशा बिया शेकड्यांनी असतात.

औषध म्हणूनही त्याने मोठा प्रवास केला आहे. १८०२ च्या सुमारास धोतऱ्याची मुळी चिलमीत ओढून दमा हलका करण्याची युक्ती मद्रासहून इंग्लंडला गेली आणि पुढे शंभर-सव्वाशे वर्षे युरोपात दम्याच्या सिगारेटी विकल्या जात होत्या. (दम्यावर सिगारेट! आज ऐकून हसू येईल.) त्यानेच दम्याला आराम पडतो, मग आम्ही का घेऊ नये, असे विचारणाऱ्यांना एवढेच सांगतो की आज वाफेच्या यंत्रात (नेब्युलायझरमध्ये) घालतात ते इप्राट्रोपियम हे औषध धोतऱ्यातल्याच ॲट्रोपिन या विषारी द्रव्याच्या रेणूत बदल करून बनवले आहे. श्वासनळी सैल करायची, पण डोके फिरवायचे नाही, यासाठीच तो बदल. घरी धोतऱ्याचा धूर घेऊन आपण हे सगळे उलटे करतो.

ॲट्रोपिन आमच्या रोजच्या ओळखीचे. फवारणीच्या हंगामात कीटकनाशक अंगात भिनलेले शेतकरी यायचे, तेव्हा उतारा म्हणून ॲट्रोपिनच्या ॲम्प्यूलचे खोकेच्या खोके उघडायचे. तोंडातला फेस थांबेपर्यंत, छाती मोकळी होईपर्यंत डॉक्टर इंजेक्शन देत राहायचे. थोडे जास्त झाले की रुग्णाची जीभ कोरडी ठणठणीत, बुबुळे मोठी, आणि तो चादरीवरून नसलेले काहीतरी वेचत बसायचा. नर्स म्हणायची, ‘ॲट्रोपिन चढलंय.’ धोतरा खाल्लेला माणूस हुबेहूब असाच दिसतो. फरक एवढाच की वॉर्डात हात आखडता घ्यायला डॉक्टर उभा असतो.

कायद्यालाही हे कळते. औषध नियमांच्या विषारी द्रव्यांच्या यादीत धोतरा आहे, त्यामुळे तो असलेल्या पोटात घ्यायच्या आयुर्वेदिक औषधाच्या बाटलीवर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ हा इशारा छापावा लागतो. कंपनीला जे बंधन आहे ते पुरवणीच्या पानाला नको का? शंकराला धोतरा जरूर वाहावा, त्याबद्दल कोणाची तक्रार नाही. पण पोटात घ्यायचे किंवा धूर ओढायचे उपाय छापू नयेत, आणि पूजेच्या बातमीतही ‘फळ लहान मुलांच्या हाती देऊ नका’ हे वाक्य असावे, एवढी विनंती.

छापायचेच असेल तर हे छापा: कोणी धोतरा खाल्ला आणि तोंड कोरडे पडून, अंग तापून, लाल होऊन बरळू लागला, तर मिठाचे पाणी पाजून ओकाऱ्या काढत बसू नये. १०८ ला फोन करून थेट रुग्णालय गाठावे. आणि उरलेले बोंड किंवा पान कागदात गुंडाळून सोबत न्यावे, म्हणजे हा दारू प्यालाय की तापात बरळतोय हे शोधण्यात डॉक्टरांचा वेळ जात नाही.

आपला,
एक निवृत्त औषधनिर्माता
सातारा