यशोदेची मुलगी कुठे गेली?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

कालच्या रविवार पुरवणीतले ‘रानातली यशोदा’ हे एका कादंबरीचे परीक्षण वाचले. भाषा गोड आहे, परीक्षकांचा अभ्यासही दांडगा असेल. पण ऑस्ट्रेलियातल्या त्या आदिवासी बाईने गोऱ्या मालकाच्या पोराला कसे अंगाखांद्यावर खेळवले यावर तीन रकाने खर्ची पडले आणि तिच्या पोटच्या मुलीवर एक ओळही नाही! कादंबरीत ती मुलगी आहे हो. परीक्षकांच्या प्रतीत ती पाने चिकटलेली असावीत.

बरे, यशोदाच म्हणायचे तर गोष्ट पुरी सांगा. कृष्ण गोकुळात वाढला तो यशोदेच्या तान्ह्या लेकीच्या बदल्यात. वसुदेवाने ती उचलून मथुरेला नेली आणि कंस तिला शिळेवर आपटायला निघाला. कीर्तनकारही इथे जरा घाईतच असतात म्हणा.

कादंबरीतली मुलगी सरकारने नेली आहे. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्यात १९१५ साली कायदा बदलला आणि ‘संरक्षण मंडळा’ला (नाव बघा!) मूळ रहिवाशांची मुले कोर्टाची पायरी न चढता आईबापांकडून काढून घेता येऊ लागली. तिथल्याच कूटामंड्रा गावच्या वसतिगृहात अशा मुलींना धुणी, स्वयंपाक, पोरे सांभाळणे शिकवत आणि चौदा-पंधराव्या वर्षी गोऱ्यांच्या घरी कामाला धाडत. पगारातला मोठा हिस्सा मंडळाकडे जमा व्हायचा. कित्येकींच्या हाती तो कधी पडलाच नाही. म्हणजे मालकाचे पोर सांभाळणारी ही बाई बहुधा स्वतःच आईपासून तोडलेली, आणि तिची लेकही त्याच वाटेने गेलेली. परीक्षकांना यात ‘निसर्गदत्त मातृत्व’ दिसले. ते वसतिगृह साठच्या दशकाच्या अखेरपर्यंत चालू होते. तेव्हा मी मॅट्रिकला होते, त्यामुळे परीक्षणात ‘त्या अंधाऱ्या काळात’ वगैरे वाचून मला जरा वेगळेच वाटले.

मेलबर्नला लेकीकडे असताना तिथल्या आपल्या मंडळींच्या वाचनगटात याच कादंबरीवर चर्चा झाली होती. सुरुवातीला तिथल्या प्रथेप्रमाणे ‘ही भूमी वुरुंजेरी या मूळ रहिवाशांची आहे’ असे सर्वांनी गंभीर चेहऱ्याने म्हटले. मग पाऊण तास त्या बाईच्या मायेचे कौतुक. मी विचारले, ‘‘तिला हे काम सोडून जाता आले असते का?’’ एक गृहस्थ म्हणाले, ‘‘काकू, २००८ मध्ये पंतप्रधान केव्हिन रडनी संसदेत या काढून नेलेल्या मुलांची माफी मागितली की.’’ जणू माझेच काही देणे होते आणि ते चुकते झाले! मी पुढे बोलणार तोच सूत्रसंचालक बाईंनी ‘‘चला, चहा निवतोय’’ म्हणून चर्चाच आटोपली. चहा चांगला होता. उत्तर मात्र अजून मिळालेले नाही, आणि आपल्या परीक्षणातही ते सापडले नाही.

आता विषय निघालाच आहे म्हणून. १९६७ च्या सार्वमताने तिथल्या आदिवासींना मताधिकार मिळाला, असे परीक्षणात छापले आहे. संसदेच्या निवडणुकीतला मताधिकार १९६२ सालीच मिळाला होता. १९६७ मध्ये त्यांना जनगणनेत मोजण्याचा आणि त्यांच्यासाठी कायदे करण्याचा केंद्राचा मार्ग मोकळा झाला. आणि सोबत छापलेल्या छायाचित्रातल्या बाईंच्या हनुवटीवरचे गोंदण पाहता त्या न्यूझीलंडच्या माओरी असाव्यात. देश वेगळा, माणसे वेगळी, मध्ये दोन हजार किलोमीटरचा समुद्र. उद्या आपण कोळीवाड्यावरच्या लेखाला मस्कतच्या बंदराचा फोटो लावणार का?

मागच्या खेपेला माझ्या पत्राचा शेवटचा परिच्छेद आपण कापलात. या वेळी कापायचेच असेल तर सुरुवातीचे ‘भाषा गोड आहे’ तेवढे कापावे.

आपली,
एक जुनी वर्गणीदार, डोंबिवली (पूर्व)