चर्च दिसले म्हणजे देव दिसला असे नव्हे

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला युरोपातील रोमँटिक संप्रदायाच्या निसर्गचित्रांवरचा लेख वाचला. मराठी दैनिकात जर्मन चित्रकार कास्पार डाव्हिड फ्रीडरिशला अर्धे पान मिळावे, याचा आनंद आहेच. पण ‘या चित्रांत चर्च दिसले की ते ईश्वराचे प्रतीक समजावे’ हे विधान पटले नाही. चर्च धड आहे की पडके, जवळ आहे की धुक्यात, त्यावर अर्थ पार बदलतो.

लेखासोबत छापलेले फ्रीडरिशचे १८११ चे हिवाळी दृश्यच पाहा. लंडनच्या नॅशनल गॅलरीतल्या या चित्राचा खालचा भाग तुमच्याकडे कापला गेला, बहुधा जाहिरातीला जागा हवी म्हणून. चित्राची सगळी गोष्ट नेमकी तिथेच आहे. बर्फात टाकून दिलेल्या कुबड्या, आणि खडकाला टेकून झाडांपुढच्या क्रूसाकडे पाहणारा त्यांचा धनी. जर्मनीतल्या श्वेरीनच्या संग्रहालयात याचे जोडचित्र मानले जाणारे दुसरे हिवाळी दृश्य आहे. त्यात चर्च नाहीच. तोडलेल्या झाडांचे बुंधे, वठलेले ओक आणि कुबड्यांवर वाकलेला एक माणूस, एवढेच. ते पाहिल्यावर लंडनच्या चित्रातले चर्च उमगते. त्याचा पाया दिसत नाही आणि मनोरे पुढच्या फर वृक्षांसारखेच निमुळते. कुणी बांधल्यापेक्षा धुक्यातून उगवल्यासारखे वाटते. माणूस तिथे पोचलेला नाही आणि या जन्मी पोचणारही नाही. म्हणून मला ते देवाचे घर न वाटता मरणानंतरचे आश्वासन वाटते.

आता याच चित्रकाराचे पडके चर्च घ्या. त्याच्या जन्मगावाजवळ, ग्राइफ्सवाल्डला लागून, एल्डेना येथे ११९९ मध्ये स्थापन झालेल्या सिस्टर्शियन या कॅथलिक साधुपंथाच्या मठाचे विटांचे अवशेष आहेत. सोळाव्या शतकातल्या प्रोटेस्टंट धर्मसुधारणेनंतर मठ ओस पडला आणि पुढे स्वीडिश अमलात त्याच्या विटा तटबंदीसाठी उचलून नेल्या गेल्या. ‘ओकवनातील मठ’ या चित्रात (१८०९-१०) फ्रीडरिशने तीच एकटी उभी भिंत घेतली. तिच्या दारातून साधू शवपेटी नेत आहेत. चित्रकार स्वतः लुथरपंथी, म्हणजे प्रोटेस्टंट, त्यामुळे तो साधूंच्या जुन्या राज्यासाठी गळा काढतो आहे, असे मला वाटत नाही. इथे संस्था मेली आहे. श्रद्धेची जागा वरच्या उजळत्या आकाशात आहे. बर्लिनच्या अकादमीत १८१० मध्ये हे चित्र मांडले गेले आणि प्रशियाच्या राजाने विकतही घेतले! उतारवयात तर त्याने सपाट किनाऱ्यावरची एल्डेना उचलून थेट रीझेनगेबिर्गे पर्वताच्या पायथ्याशी नेऊन ठेवली. वास्तूचे हुबेहूब चित्रण हा त्याचा हेतूच नव्हता.

इंग्लंडच्या जॉन कॉन्स्टेबलचे उलट. त्याचे सॉल्झबरी कॅथीड्रल खरेखुरे, १२३ मीटर उंच मनोऱ्याचे, ओळखू येईल असे. अर्थ भरतो तो आभाळात. १८२३ च्या चित्रातला काळा ढग तिथल्या बिशपना आवडला नाही आणि त्यांच्यासाठी त्याला उजळ आकाशाची दुसरी आवृत्ती करावी लागली. १८३१ च्या चित्रात मात्र मनोऱ्यावर वादळच आहे. पत्नी मारिया १८२८ मध्ये गेली होती, आणि राजकीय सुधारणांच्या त्या धामधुमीत इंग्लंडच्या चर्चचे काय होणार, ही धास्ती त्याला व त्याचा मित्र, तिथला वरिष्ठ धर्माधिकारी (आर्चडीकन) फिशर यांना होती. इंद्रधनुष्य टेकते ते कॅथीड्रलवर नव्हे, फिशरच्या घरावर. देवापेक्षा मित्राचा आधार मोठा, असे कुणी म्हटले तर मी भांडणार नाही.

लेखमालेत पुढे कॉन्स्टेबल येणार असेल तर हे १८३१ चेच चित्र घ्यावे. ब्रिटनच्या टेट संग्रहालयाने ते २०१३ मध्ये विकत घेतले असून त्याची चांगली प्रत त्यांच्या संकेतस्थळावर पाहता येते.

— एक निवृत्त चित्रकला शिक्षक, सातारा