आधी तपासणी, मग थेंब

सावईवेरें, फोंडा
18 जानेवारी

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार.

चवथीला आलो नाही म्हणून तू रागावलास. पण तेव्हा घर सोडण्यासारखं नव्हतं रे. आमच्या प्रकाशच्या डोळ्याचं फोनवर अर्धवटच सांगितलं होतं. परवा वहिनींकडून कळलं की तुमची ओवी आता कॉन्टॅक्ट लेन्स लावते, तेव्हा म्हटलं, सगळं सविस्तर लिहूनच काढावं.

मिरगानंतर कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, पाट उपसताना प्रकाशच्या उजव्या डोळ्यात चिखल उडाला. त्याने पाटाच्याच पाण्याने डोळा धुतला. आपण सगळे जन्मभर तेच करत आलो. आठवड्याभरात डोळा लाल झाला आणि ठणकायला लागला. पोफळीवर सरसर चढणारा गडी, पण उजेड सोसेना म्हणून डोक्यावरून गोधडी ओढून कण्हत पडायचा. शेजारच्या काकी अंगावरचं दूध घाला म्हणाल्या, ते मी घालू दिलं नाही. पहिल्या डॉक्टरांनी डोळ्यातली नागीण ठरवली आणि थेंब दिले, पुढे स्टेरॉइडचेही. दोन दिवस उतार पडल्यासारखं वाटलं, मग दुखणं दुपटीने उसळलं. यात तीन आठवडे गेले. त्या तीन आठवड्यांचं मला आजही वाईट वाटतं, कारण एकदाही कोणी डोळा खरवडून तपासला नव्हता.

पणजीच्या डॉक्टरीणबाईंनी ते पहिल्याच दिवशी केलं. डोळा बधिर करून बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा कण पात्याने अलगद काढला, काचेवर घेतला, रंग घातला आणि मलाही सूक्ष्मदर्शकातून बघायला बोलावलं. काळोखात निळसर चकाकणारे गोळे दिसले. दुहेरी भिंतीचे, बाहेरची सुरकुतलेली, आतली कोनाकोनांची. हा अकॅन्थअमीबा नावाचा एकपेशी जीव. माती, विहीर, तळी, नळ, सगळीकडे असतो. संकट आलं की असा कवच करून बसतो, आणि त्या कवचाला नळाच्या पाण्यातलं क्लोरीनसुद्धा पुरं पडत नाही. उरलेला कण त्यांनी आगरच्या, म्हणजे समुद्रशेवाळापासूनच्या जेलीच्या, बशीत ठेवला. बशीत पोषण काही नाही, वर नुसता ई. कोलाय जिवाणूंचा थर. काही दिवसांनी त्या थरात वाकड्यातिकड्या वाटा उमटल्या, ओल्या वाळूवरून कुर्ल्या फिरून गेल्यासारख्या. अमीबा जिवाणू खात खात गेला होता.

बाई म्हणाल्या, दिसतं त्याच्या मानाने दुखणं फार असेल तर याचा संशय घ्यावा, कारण तो पडद्यातल्या नसांच्या कडेने पसरतो. पांढरं कडं उशिरा उमटतं, तोवर तो खोल गेलेला असतो. परदेशात बहुतेक रोगी लेन्स वापरणारे, आपल्याकडे मात्र चिखलमाती गेलेले शेतकरीच जास्त.

औषध म्हणजे पीएचएमबी आणि क्लोरहेक्सिडिन ही दोन जंतुनाशकं, दोन्ही 0.02 टक्के. पीएचएमबी तरणतलावाचं पाणी स्वच्छ ठेवायलाही वापरतात. साध्या दुकानात मिळेना, मुद्दाम तयार करून घेतलं. पहिले दोन दिवस रात्रंदिवस तासातासाला थेंब. आम्ही घरात पाळी लावून जागलो. मग फक्त दिवसा, मग हळूहळू कमी, पण बंद नाही. कवचातला एखादा उरला तर पुन्हा उठतो, म्हणून महिनोन्‌महिने. युरोपात 2024 साली चौपट तीव्रतेच्या, 0.08 टक्के थेंबांना मंजुरी मिळाली, हेही बाईंनी सांगितलं.

आता दुखणं नाही. डाग राहिलाय, त्या डोळ्याने बोटं मोजता येतात, एवढंच. डोळा पुरता शांत राहिला तर पुढे नेत्ररोपण, म्हणजे तो पारदर्शक पडदा बदलायचं म्हणतात.

ओवीला माझ्या नावाने बजावून सांग. लेन्सला नळाचं किंवा विहिरीचं पाणी लावायचं नाही, डबीलाही नाही. हात धुऊन कोरडे करूनच लेन्स हाताळायची. आंघोळीला, तळीवर, समुद्रावर काढून ठेवायची, झोपतानाही. डोळा ठणकला तर लेन्स आणि डबी घेऊनच डॉक्टरांकडे जायचं, आणि स्टेरॉइडचा थेंब पडण्याआधी खरवडून तपासणीचं विचारायचं. उगाच विचारलं असं तिला वाटू देऊ नकोस.

शिगम्याला सगळे या. प्रकाश आता चष्मा घालून पाट उपसतो, आणि डोळे धुवायला माझ्याकडून उकळून गार केलेल्या पाण्याची बाटली भरून नेतो.

तुझा,
रघू