आघारकरांची गोष्ट

मालवण

चि. सायली,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस, "बाबा, सगळी रोपं गेली, दोन वर्षं पाण्यात." मला काही बोलायला सुचलं नाही. आमचा भाताचा तरवा कुजला तर आम्ही दुसरा टाकतो. रात्रभर वीज नव्हती म्हणून तुझी प्रयोगशाळेतली रोपं करपली, ते दुःख वेगळं.

मग आघारकर आठवले. पुण्यात आपण आघारकर संस्था शोधत होतो, आणि ती निघाली आगरकर रस्त्यावर! मी रिक्षावाल्याशी हुज्जत घातली होती, तू हसत होतीस. सुधारक गोपाळ गणेश आगरकर वेगळे, हे आपले शंकर पुरुषोत्तम आघारकर, जन्म 1884, मालवणचे. वनस्पतींचा माणूस, पण तरुणपणी नाव झालं ते सह्याद्रीतल्या नदीत गोड्या पाण्यातला जेलीफिश सापडला म्हणून. जेलीफिश खाऱ्या पाण्यातलाच, अशी आपली समजूत.

1914 साली कलकत्ता विद्यापीठाने त्यांना जर्मनीला धाडलं. बर्लिनला एंग्लर नावाचे मोठे वनस्पतिशास्त्रज्ञ होते, त्यांच्याकडे शिकायचं होतं. तेवढ्यात महायुद्ध पेटलं. हे ब्रिटिशांचे प्रजाजन, म्हणजे शत्रूच; जर्मनांनी अटक केली. डॉक्टरेट हाती यायला युद्ध सरावं लागलं. तुझ्या दोन वर्षांशी मी तुलना करत नाही गं, ज्याचं त्याला जड. मला गंमत वाटते ती प्रबंधाच्या विषयाची: वायव्य हिंदुस्थानातल्या कोरड्या आणि खाऱ्या जमिनीतली झाडं आली कुठून आणि पसरली कशी. माणूस अडकलेला, आणि डोक्यात विषय काय, तर जागचं न हलणारं झाड दूरवर कसं पोचतं!

पुढे बरीच वर्षं त्यांनी कलकत्त्यात वनस्पतिशास्त्र शिकवलं. 1946 साली पुण्यात 'महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी' सुरू झाली, तिचे पहिले संचालक तेच. वयाची साठी उलटल्यावर नवा संसार! 1960 मध्ये ते गेले. संस्थेला त्यांचं नाव मिळालं 1992 साली. आपल्या बियाण्याच्या दुकानात सोयाबीनच्या पिशवीवर 'एमएसीएस' लिहिलेलं असतं ना, ती विज्ञानवर्धिनीच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं; ते तिथलंच वाण.

काल संध्याकाळी किनाऱ्यावर गेलो होतो. वाळूतल्या त्या काटेरी गवताचे गोल गोंडे वाऱ्याने गडगडत चालले होते. लहानपणी त्यांच्यामागे धावून पाय सोलून घ्यायचीस. एक उचलून आणलाय, पडवीत ठेवलाय. बी आहे की नाही, मला कळत नाही. चतुर्थीला आलीस की बघ.

तुझे बाबा