कागद अकरावीच्या दिवाळीतच काढा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एकतीस वर्षे मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावच्या शाळेत आणि तिला जोडलेल्या कनिष्ठ महाविद्यालयात लिपिक होतो. दाखल-खारीज रजिस्टर, टीसी, बोर्डाचे फॉर्म, शिष्यवृत्तीचे अर्ज, सगळे माझ्या टेबलावरून जायचे. निवृत्त होऊन दोन वर्षे झाली, तरी मे महिना लागला की सकाळी सातपासून दारात कोणी ना कोणी बसलेले असते. बापाच्या हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत रेशनकार्ड, आधार आणि घड्या पडलेल्या झेरॉक्स. प्रश्न एकच: "बाबूजी, पोरीचं होऊन जाईन ना?"

पुष्कळदा मला पिशवी पाहूनच कळते की या वर्षी होणार नाही. मार्क असतात, कागद नसतो. दिवाळीच्या सुट्ट्या तोंडावर आल्या आहेत, म्हणून आजच हे पत्र लिहितो आहे. बारावीनंतर लागणारे दाखले अकरावीच्या दिवाळीत काढायला घ्या, एवढेच मला पालकांना, मुलांना आणि त्याहून जास्त शाळा-कॉलेजांना सांगायचे आहे.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षातली गोष्ट आहे. तांड्यावरची एक मुलगी, बारावी सायन्स, मॅथ्स घेतलेली. बोर्डात चांगले मार्क, सीईटीत असे पर्सेंटाइल की तिच्या प्रवर्गातून शासकीय इंजिनिअरिंग कॉलेज नक्की मिळाले असते. जातीचा दाखला दहावीतच काढलेला होता, त्यामुळे घरच्यांना वाटले काम झाले. जातीचा दाखला वेगळा आणि जात पडताळणी समितीची व्हॅलिडिटी, म्हणजे तो दाखला तपासून दिलेले प्रमाणपत्र, वेगळी, आणि राखीव जागेवरच्या प्रवेशाला तीही लागते, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. कळले तेव्हा जून लागला होता. तिच्यासारख्या विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी (व्हीजेएनटी) २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा जातीचा पुरावा लागतो. (ओबीसींसाठी ही तारीख १३ ऑक्टोबर १९६७ आहे, अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०.) तिचे वडील माझ्यासमोर बसून म्हणाले, "माहा बाप तं शाळेची पायरीच नाही चढला बाबूजी, मी कागद कुठून आनू?"

प्रश्न खरा होता. पण आपल्याकडे जुने कोतवाल बुक आहे. गावातले जन्म आणि मृत्यू कोतवाल त्यात नोंदवत असे, आणि नावापुढे जातही असे. तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज केला की त्याची नक्कल मिळते. आम्ही आजोबांचे नाव शोधले, ते सापडले नाही. मग आजोबांच्या भावाच्या मुलाच्या जन्माची नोंद सापडली. ती मोडी लिपीत होती. मोडी वाचून लिप्यंतर करून देणारा माणूस शोधण्यात बारा दिवस गेले. मग वंशावळीचे शपथपत्र, मग ऑनलाइन अर्ज, मग कॉलेजचे पत्र. तोवर मृगाचा पाऊस पडून गेलेला. सरकी टोबायची की यवतमाळची बस धरायची, हा प्रश्न त्या माणसासमोर रोज सकाळी उभा होता. दोन फेऱ्या मारल्या, तिसऱ्या वेळी तो आलाच नाही. मी त्याला दोष देत नाही.

व्हॅलिडिटी मिळाली. डिसेंबरात मिळाली. प्रवेश कधीच आटोपले होते.

कधीकधी शासन अर्जाच्या पावतीवर प्रवेश देते आणि प्रमाणपत्र आणायला मुदत देते, पण कोणत्या वर्षी देईल आणि किती देईल यावर लेकराचे वर्ष टांगून ठेवू नये. ती मुलगी आज तालुक्याच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. हुशार आहे, पुढे जाईल. पण तिला इंजिनिअर व्हायचे होते आणि ती होऊ शकत होती.

यात माझीही चूक आहे, ती इथे लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. व्हॅलिडिटीची सूचना आमच्या कॉलेजला आली होती. मी तिची प्रिंट काढली आणि नोटीस बोर्डावर लावली. ती इंग्रजीत होती. अकरावीच्या वर्गात जाऊन पाच मिनिटे उभे राहून मराठीत सांगणे माझ्या हातात होते. मी गेलो नाही. नियमाप्रमाणे माझे काम झाले होते.

आता दिवाळीच का, ते सांगतो. मे-जूनमध्ये तलाठ्याकडे पीककर्जाच्या कागदांची गर्दी असते, सातबारा हवा असतो, फेरफार हवा असतो. त्याच वेळी तालुक्यातली सगळी दहावी-बारावीची मुले सेतूसमोर रांगेत असतात. सर्व्हर बंद, लाइट गेलेली, बाहेर ४४ डिग्री ऊन. घरात पैसा नसतो, जो असतो तो बी-बियाण्याला लागलेला असतो. दिवाळीत यातले काहीच नसते. सीतादही (कापूस वेचणीच्या सुरुवातीची पूजा) होऊन पहिल्या वेच्याचा कापूस घरात आलेला असतो, चार पैसे हातात असतात. सेतूवाला मोकळा असतो आणि नीट बोलतो. मुलांना सुट्टी असते. बाहेरगावी कामाला गेलेला काका-मामा घरी येतो आणि म्हातारी माणसे ओट्यावर असतात, त्यांना वंशावळ तोंडपाठ असते. काकाकडे किंवा चुलतभावाकडे व्हॅलिडिटी निघालेली असेल तर तीही याच दिवसांत कळते, आणि बापाकडच्या रक्ताच्या नात्यातली व्हॅलिडिटी समितीपुढे मोठा पुरावा असते.

अकरावी सायन्सच्या मुलाला व्हॅलिडिटीचा अर्ज करता येतो. ती एकदा मिळाली की जन्मभर चालते. ओबीसी, व्हीजेएनटी, एसबीसी (विशेष मागास प्रवर्ग) यांना नॉन-क्रिमिलेयर, म्हणजे घरचे उत्पन्न ठरलेल्या मर्यादेत असल्याचा दाखलाही लागतो, एससी-एसटींना तो लागत नाही. तीन वर्षांच्या उत्पन्नावर काढलेले नॉन-क्रिमिलेयर तीन वर्षे चालते, म्हणजे अकरावीत काढलेले प्रवेशाच्या वेळी जिवंत असते. फक्त त्यावर कुठपर्यंतची तारीख आहे ती घरी येण्याआधी खिडकीवरच पाहून घ्या. ज्या वर्षात प्रवेश घ्यायचा, ते वर्ष संपेपर्यंतचा ३१ मार्च त्यात बसला पाहिजे.

नावाचे तर सांगायलाच नको. टीसीवर एक स्पेलिंग, आधारवर दुसरे, बँकेच्या पासबुकावर तिसरे. आईचे नाव शाळेत "बेबी" आणि आधारवर वेगळेच. मी स्वतः असे शेकडो मेळ लावले आहेत. मूल शाळेत शिकत असेपर्यंत रजिस्टरमधली चूक शिक्षणाधिकाऱ्यांच्या मंजुरीने दुरुस्त होते. टीसी हातात पडल्यावर तेच काम फार अवघड होऊन बसते. म्हणून नववीत, बोर्डाचा फॉर्म भरण्याआधी, प्रत्येक घराने शाळेत जाऊन आपल्या लेकराची रजिस्टरमधली ओळ डोळ्यांनी पाहावी. ती दाखवायला कोणी टाळाटाळ करू लागला तर खुर्ची ओढून बसा.

कागदांइतकेच दुसरे काही आहे, ज्यावर घरात कोणी बोलत नाही. दहावीत एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीने अकरावीत बसता येते. बारावीत विषय राहिला तर जून-जुलैत पुरवणी परीक्षा असते. पण तिचा फॉर्म निकालानंतर थोड्याच दिवसांत कॉलेजातूनच भरायचा असतो, आणि नापास झालेले पोर लाजेने कॉलेजात फिरकत नाही. आमच्याकडचा एक मुलगा गणितात राहिला. मी फॉर्मच्या शेवटच्या दिवशी त्याच्या घरी माणूस पाठवला, तर तो आदल्या रात्रीच पुण्याला कंपनीत कामाला गेलेला. ३५ हवे होते, २९ पडले होते. सहा मार्कांसाठी शिक्षण सुटले. अशा मुलाच्या घरी निकालाच्या दिवशीच कॉलेजातून कोणीतरी जायला हवे. पास झालेल्यांच्या घरी पेढे खायला जाणारे पुष्कळ असतात.

सायन्स घेताना मॅथ्स सोडायचे की ठेवायचे, हेही अकरावीच्या प्रवेशाच्या दिवशी पाच मिनिटांत ठरते. "अवघड जाते" म्हणून सोडतात आणि बारावीनंतर इंजिनिअरिंगचे विचारायला येतात. दुसरीकडे सीईटीच्या क्लासमागे लागून बोर्डाची परीक्षा हलक्यात घेणारे आहेत. इंजिनिअरिंगला बारावीत फिजिक्स, मॅथ्स आणि तिसरा विषय मिळून ४५ टक्के लागतात, राखीव प्रवर्गाला ४०. ते नसतील तर सीईटीचे पर्सेंटाइल कितीही असो, कामाचे नाही.

२०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेशही सगळ्या राज्यात ऑनलाइन झाले. दहापर्यंत पसंती द्यायच्या. आमच्या भागात नेट कॅफेवाल्याने रकाने भरायचे म्हणून भरून टाकले आणि मुलांना अशी कॉलेजे लागली जिथे सकाळची एसटीच पोचत नाही. पहिल्या पसंतीचे कॉलेज लागून प्रवेश घेतला नाही तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव बाद होते, हेही पुष्कळांना नंतर कळले.

आणि एसटीचा विषय निघालाच आहे तर मुलींच्या पासचे सांगतो. अहिल्याबाई होळकर योजनेत बारावीपर्यंत मुलींना एसटी मोफत आहे. आमच्या गावाहून रोज कितीतरी मुली त्या पासवर तालुक्याला जातात. बारावी झाली की पास संपतो, मग विद्यार्थी सवलतीचा पास पैसे भरून काढावा लागतो. रक्कम मोठी नाही. पण ज्या घरात भाऊही शिकतो आहे त्या घरात त्या रकमेवरच पोरीचे शिक्षण थांबताना मी पाहिले आहे. हा मोफत पास पदवीपर्यंत वाढवा, ही माझी शासनाला हात जोडून विनंती आहे. जुलै २०२४ च्या निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास) मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ झाले. फार मोठी गोष्ट झाली. पण त्यासाठी प्रवेश कॅपमधूनच, म्हणजे शासनाच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतूनच हवा, एजंटाच्या नादाने मॅनेजमेंट कोट्यात घेतला तर माफी मिळत नाही. वसतिगृहात नंबर लागला नाही तर अनुसूचित जातींसाठी स्वाधार, आदिवासींसाठी स्वयं, ओबीसींसाठी सावित्रीबाई फुले आधार या योजना आहेत. पोरगी यवतमाळला किंवा अमरावतीला राहणार कुठे आणि खाणार काय, याचे उत्तर या योजनांत आहे. ते घरी माहीत नसते, म्हणून बाप "नको" म्हणतो.

माझे मागणे कनिष्ठ महाविद्यालयांकडे आणि शिक्षणाधिकाऱ्यांकडे आहे. प्रत्येक कॉलेजात एका शिक्षकाला याच कामासाठी नेमा, त्याच्या तासिका कमी करा आणि त्याचा मोबाइल नंबर वर्गाच्या भिंतीवर लिहा. महसूल विभागाच्या महाराजस्व अभियानात शाळेत दाखल्यांची शिबिरे होतात, ती चांगली आहेत. तेच शिबिर दिवाळीनंतरच्या आठवड्यात अकरावीसाठी कॉलेजातच घ्या. तलाठी, सेतूवाला आणि मोडी वाचणारा एक माणूस दोन दिवस एका खोलीत बसला तर पन्नास घरांच्या पुढच्या जूनमधल्या चकरा वाचतील. सूचना मराठीत काढा आणि वर्गात वाचून दाखवा.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवसापासून पंधरा दिवस मी आमच्या ग्रामपंचायतीच्या वाचनालयात सकाळी आठ ते अकरा बसणार आहे. कोतवाल बुकाच्या नकलेचे अर्ज मी लिहून देईन. येताना आजोबांचे आणि त्यांच्या भावांचे पूर्ण नाव आणि मूळ गाव लिहून आणा. आजी असेल तर तिलाच सोबत घेऊन या.

आपला,
एक निवृत्त लिपिक
जि. यवतमाळ