मानकाविषयीची शंका नेमकी कुठे न्यावी?

संपादक महोदय,

तांत्रिक मानक (सर्वांनी सारखे पाळायचे लेखी नियम) राबवताना अडलेला डेव्हलपर बहुधा सर्वांत गजबजलेल्या ठिकाणी प्रश्न टाकतो. तिथे उत्तरे झटपट येतात, पण मानकाचा मूळ मजकूर वाचून दिलेली थोडीच. शंका मजकुराची आहे, तो राबवणाऱ्या लायब्ररीची (तयार कोडच्या संचाची) आहे की आपल्या वापराची, हे आधी ठरवले पाहिजे. कुठे विचारायचे ते त्यावरूनच ठरते.

प्रोग्राममध्ये माहितीची देवाणघेवाण करण्याच्या जेसन या मजकूर-स्वरूपाचेच पाहा. ९००७१९९२५४७४०९९३ ही संख्या जावास्क्रिप्टने वाचली की शेवटचा ३ जाऊन २ येतो. तिथल्या साध्या संख्या ६४ बिटांच्या फ्लोटिंग पॉइंट, म्हणजे मर्यादित अचूकतेच्या असतात आणि २ च्या ५३ व्या घातापुढचा प्रत्येक पूर्णांक त्यांत अचूक मावतोच असे नाही. ही लायब्ररीची चूक नव्हे. डिसेंबर २०१७ च्या आरएफसी ८२५९ या जेसनच्या मानकामध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटविषयीचे क्रमांकित दस्तऐवज) या मर्यादेची सूचना आहे. ओळख क्रमांक स्ट्रिंग (मजकूर) म्हणून पाठवला की काम भागते. एकाच ऑब्जेक्टमध्ये (नाव-मूल्य जोड्यांच्या गटात) तेच नाव दोनदा आले तर गोष्ट वेगळी. नावे वेगवेगळी असावीत, असे तोच दस्तऐवज 'शुड' (शिफारस) शब्दात सांगतो, 'मस्ट' (सक्ती) म्हणत नाही. त्यामुळे कुणी शेवटचे मूल्य धरतो, कुणी एरर देतो, आणि लायब्ररीच्या लेखकांशी वाद घालून काही निष्पन्न होत नाही.

म्हणून तेच इनपुट दोन लायब्रऱ्यांना देऊन बघावे. त्या खरोखर स्वतंत्र हव्यात. आत एकच कोड असेल तर दोघींचे उत्तर जुळण्याला अर्थ नाही. मजकूर स्पष्ट असून एकच लायब्ररी चुकत असेल, तर तिच्या बग ट्रॅकरवर (चुका नोंदवण्याच्या जागी) आवृत्ती, शक्य तितके छोटे इनपुट, मिळालेले व अपेक्षित उत्तर आणि मानकातील कलमाचा क्रमांक द्यावा. कलम क्रमांक नसलेल्या तक्रारी रेंगाळतात. मजकुराचे दोन अर्थ निघत असतील तरच मानक लिहिणाऱ्या कार्यगटाकडे जावे.

प्रसिद्ध झालेल्या आरएफसीचा मजकूर बदलत नाही. त्यातील चूक आरएफसी प्रकाशित करणाऱ्या आरएफसी एडिटरकडे 'इराटा' (चुकीची नोंद) म्हणून नोंदवतात. ती मान्य होते, फेटाळली जाते किंवा पुढील दस्तऐवजासाठी राखून ठेवली जाते. नवी सुविधा मागण्याची ही जागा नव्हे. त्यासाठी इंटरनेटची मानके ठरवणाऱ्या आयईटीएफच्या संबंधित कार्यगटात मसुदा मांडावा लागतो. एचटीएमएल या वेबपानांच्या भाषेबाबत तर पत्ताच बदलला आहे. मे २०१९ च्या करारानंतर डब्ल्यूथ्रीसी ही वेब मानकांची संस्था स्वतःची वेगळी आवृत्ती काढत नाही, मानक ब्राउझर निर्मात्यांच्या डब्ल्यूएचएटीडब्ल्यूजी या गटाकडे आहे. जुनी पाने शोधात अजूनही येतात, म्हणून दस्तऐवजाच्या वरच्या भागातील स्थिती आणि प्रतिक्रियेचा दुवा आधी पाहावा. बंद झालेले इश्यूही (आधी नोंदवलेले मुद्दे) चाळावेत. पुष्कळदा उत्तर तिथेच लिहिलेले असते.

या चर्चा सार्वजनिक असतात आणि कायम राहतात. नमुन्यातून ग्राहकांची माहिती आणि टोकन (प्रवेश देणारे गुप्त संकेत) काढून टाकावेत. सुरक्षेतील त्रुटी मात्र उघडपणे मुळीच मांडू नये. संबंधित संकेतस्थळावर सिक्युरिटी.टीएक्सटी फाइल असेल तर खासगीत कुणाला कळवायचे ते तिच्यात मिळते.

आपले,
सॉफ्टवेअर क्षेत्रातील काही वाचक