चिमुकल्यांच्या परसबागेला सरळ वाफ्यांची सक्ती नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जून तोंडावर आला की अंगणवाड्यांत आणि जिल्हा परिषदेच्या शाळांत परसबागेची लगबग सुरू होते. मी जुन्नर तालुक्यात अंगणवाडी सेविका आहे आणि या बागांच्या आखणीबद्दल कळकळीने लिहिते आहे. सप्टेंबरात पोषण माह येतो, फोटो पाठवायचे असतात, कुठे परसबागेची स्पर्धाही असते. त्यामुळे एका वाफ्यात एकच भाजी, दोरी लावून आखलेल्या ओळी आणि वाफ्यागणिक पाटी असा नमुनाच पडून गेला आहे. आमच्याकडे पाहणीला आलेल्या एका साहेबांनी मक्यावर चढलेली चवळी आणि वांग्यातला झेंडू बघून "ही खिचडी काढा, वाफे मोकळे करा" असं सांगितलं. मला ते मुळीच पटलेलं नाही. ज्यांच्या घरात बाजरीत मटकी, ज्वारीत तूर आणि बांधाला अंबाडी पेरत आले, त्यांच्याच नातवंडांना आपण एकेकटी पिकं दाखवायची का?

तीन ते सहा वर्षांच्या मुलांना मिश्र वाफ्यात जे बघायला मिळतं, ते एकट्या पालकाच्या वाफ्यात मिळत नाही. चवळीच्या कोवळ्या शेंड्यावर मावा येतोच. आम्ही फवारत नाही, उकिडवं बसून बघतो. आधी मुंग्या दिसतात, माव्याच्या अंगातून पाझरणारा गोड चिकटा त्यांना हवा असतो. मागोमाग ढालकिडे येतात. लाल पाठीचा ढालकिडा मुलांच्या ओळखीचा असतो, पण त्याची अळी काळी, नारिंगी ठिपक्यांची, नखाएवढ्या मगरीसारखी दिसते आणि बहुतेक मोठी माणसंसुद्धा तिला कीड समजून चिरडतात. ती एकेक मावा धरून खात असते तेव्हा एरवी दोन मिनिटं एका जागी न बसणारी पोरं हलत नाहीत. चवळी फुलावर आली की एक झाड मुळासकट उपटून दाखवते. "बाई, ह्याला फोड आल्यात," हे ठरलेलं वाक्य. गाठ नखाने फोडली की आत गुलाबी रंग दिसतो. त्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र धरून झाडाला देतात, हे मुलांना सांगायला आणखी काय लागतं? बाकीची झाडं शेंगा संपल्यावर उपटायची नाहीत, जमिनीलगत कापायची, म्हणजे गाठी मातीतच कुजतात.

झेंडूचं महत्त्व नारायणगावच्या टोमॅटोवाल्यांना मी काय सांगावं! फळ पोखरणाऱ्या अळीची मादी झेंडूच्या कळ्या-फुलांवर अंडी घालते, टोमॅटो बऱ्याच अंशी वाचतो. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेची शिफारस आहे, टोमॅटोच्या १४ ते १६ ओळींमागे झेंडूची एक ओळ. लावताना झेंडूचं रोप ४५ दिवसांचं आणि टोमॅटोचं २५ दिवसांचं हवं, तरच दोन्हींची फुलं एका वेळी येतात. छोट्या बागेत हे प्रमाण तंतोतंत पाळता येत नाही, पण रोपांच्या वयाचा हिशेब पाळता येतो. मात्र कोपऱ्यात दोन झेंडू लावले म्हणजे मातीतले सूत्रकृमी, म्हणजे मुळांना लागणारे अगदी बारीक कृमी, गेले, असं कुणी समजू नये. त्यासाठी वाफाभर दाट झेंडू दोन-तीन महिने उभा लागतो. कोबीजवळ मोहरी लावली तर कोबीवरची कीड असलेला चौकोनी ठिपक्यांचा पतंग मोहरीकडे वळतो. तुळशीच्या नुसत्या वासाने सगळी कीड पळते असंही सांगतात, त्यावर मी विसंबत नाही.

लहानग्यांसाठी टोमॅटो-वांग्याच्या रोपांमध्ये मेथी टाकावी. तीन-चार दिवसांत उगवते, महिन्याच्या आत खुडायला येते आणि रोपं पसरायच्या आधी जागा मोकळी करते. मुलांना वाट बघायला फार लावू नये. मका, चवळी, भोपळा यांचं बी चिमुकल्या बोटांना धरता येतं. मका वीतभर झाला की त्याच्या बुडाशी चवळी टोचायची, भोपळ्याचा वेल खाली पसरतो आणि माती झाकून ठेवतो.

दोन गोष्टींबाबत मात्र मी फार कडक आहे. एरंड हे पाने खाणाऱ्या अळीसाठी चांगलं सापळा पीक, म्हणजे किडीला आपल्याकडे ओढून मुख्य पीक वाचवणारं पीक आहे, शेतात जरूर लावावं. पण त्याचं बी अत्यंत विषारी असतं आणि ठिपक्यांमुळे मुलांना ते आवडतं. म्हणून मुलांच्या बागेत एरंडाचं झाड नकोच. दुसरं म्हणजे दुकानातलं गुलाबी किंवा निळ्या रंगाचं बी. तो रंग बुरशीनाशक लावल्याची खूण असतो. असं बी मुलांच्या हातात द्यायचं नाही, धुऊनही नाही. आम्ही पावटा, दुधी, भोपळ्याचं गावठी बी मुलांच्या आज्यांकडून मागवतो. आमच्या शेजारच्या अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना असं गावठी बी जपण्याच्या कामासाठीच पद्मश्री मिळाली. हे ज्ञान आपल्या दाराशी असताना अंगणवाडीत रंगीत पाकिटं कशाला?

संबंधितांना माझी विनंती आहे की परसबागेच्या तपासणीत आणि स्पर्धेत मिश्र लागवडीला गुण असावेत, पानांवरच्या दोन-चार भोकांसाठी गुण कापू नयेत आणि मुलांनी स्वतः टोचलेल्या वाफ्यातल्या ओळी वाकड्या असल्या तरी तो वाफा ग्राह्य धरावा. अंगणवाड्यांना बियाणं पुरवायचंच असेल तर ते प्रक्रिया न केलेलं असावं, आणि पेरणीच्या आधी, मे महिन्यातच हातात पडावं.

आपली विश्वासू,
एक अंगणवाडी सेविका
ता. जुन्नर, जि. पुणे